समुद्रातलं पाणी, ताटातलं शेवाळ

"डॉक्टर, अणुप्रकल्पाचं पाणी समुद्रात सोडतात म्हणे, मग मासे खायचे की नाही?" असं तुम्ही विचारता, तेव्हा मला इंग्लंडमधलं विंडस्केल आठवतं. तिथे वापरलेल्या अणुइंधनावर प्रक्रिया व्हायची आणि १९५० च्या दशकापासून किरणोत्सारी सांडपाणी पाइपातून आयरिश समुद्रात जायचं. किती सोडायचं हे ठरवताना नुसतं पाणी मोजून भागलं नाही. कोण काय खातं, हेही पाहावं लागलं. त्या किनाऱ्यावरचं पॉर्फिरा हे शेवाळ दूर साउथ वेल्सला जाई. तिथे त्याचं 'लेव्हरब्रेड' करतात. नावात ब्रेड असला, तरी तो शिजवलेल्या शेवाळाचा लगदा! शेवाळात रुथेनियम-१०६ साठे आणि खाणाऱ्याच्या आतड्याला किरणोत्सर्गाची मात्रा बसे. म्हणून सर्वांत जास्त लेव्हरब्रेड खाणारी माणसं शोधली आणि त्यांना बसणारी मात्रा हद्दीत राहील, असा हिशेब मांडला. डॉक्टर म्हणून मला ही पद्धत पटते. सरासरी माणूस दवाखान्यात येत नाही.

पण हिशेब पाळायलाही हवा. नोव्हेंबर १९८३ मध्ये याच प्रकल्पातून (तोवर नाव सेलाफील्ड झालं होतं) किरणोत्सारी द्रावक समुद्रात गेलं. गरज नसेल तर किनाऱ्यावर जाऊ नका, असं लोकांना सांगावं लागलं. खटला चालला. १९८५ मध्ये कंपनीला दंड झाला, १०,००० पौंड.