माटोळीखाली वाढलेले हात

इतिहास म्हटला की आपल्यासमोर किल्ले, तह आणि सनदा उभ्या राहतात. मुलांच्या हातांनाही इतिहास असतो, त्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत हा इतिहास ऋतूंबरोबर फिरताना मी लहानपणापासून पाहिला आहे.

त्याची पाळेमुळे जुनी आहेत. १७३६ साली इन्क्विझिशनने फर्मान काढून तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादीत अनेक देशी चालीरीतींवर बंदी घातली; अंगणात तुळस लावणेही त्यात आले. मूळच्या त्या भागातील काही घराण्यांत आजही मूर्तीऐवजी पत्रीचा किंवा कागदावर चितारलेला गणपती पुजला जातो. ही त्या काळाचीच खूण, असे परंपरा सांगते. पेडणे तेव्हा सावंतवाडीकरांकडे होते. ते पोर्तुगिजांकडे गेले १७८८ साली, आणि डिचोली त्याआधी काही वर्षे. तोवर राज्यकर्त्यांचे धोरण सौम्य झाले होते. त्यामुळे या नव्या काबिजादीत सणांची रीत फारशी न तुटता चालत आली, आणि सणाबरोबर मुलांच्या वाट्याची कामेही.

चवथीची माटोळी घ्या. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगायची आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचे घड व रानातली फळे-फुले बांधायची. सिंधुदुर्गातही थोड्या फरकाने हीच चाल आहे. वरचे बांधकाम मोठ्यांचे. पण रान धुंडाळणे पोरांचे. कांगलांचे घोस, कवंडळे, घागऱ्यो आणि शेरवडाची पांढरी पाने आणायची, केवणीची साल सोलून तिचे दोर काढायचे. कवंडळ दिसायला लालबुंद, पण तोंडात घालायचे नाही, हे त्याच वेळी कळे. आजी बजावायची, "वेल मुळासकट ओढू नको रे, पुढच्या चवथीला काय बांधशील?" वनस्पतिशास्त्राचा आणि काटकसरीचा पहिला धडा आम्हांला असा मिळाला.

गणपतीच्या शाळेत मूर्ती घडत असताना उरलेल्या चिकणमातीचा गोळा मुलांना मिळे. त्याचा उंदीर होई, नाहीतर मोदक. दिवाळीत बांबूच्या काड्या आणि रंगीत कागद यांचा आकाशकंदील; जुने कपडे, गवत आणि पुठ्ठा यांचा नरकासुर. पहाटे तो जाळायचा, मग तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे. आणि २४ जूनच्या सांजावाला ख्रिस्ती शेजाऱ्यांची मुले पानाफुलांचे मुकुट गुंफून डोक्यावर घालीत. सण वेगळा, पण रान तेच आणि बोटांचे कसबही तेच.

आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांत या कामाला आणखी एक मोल आहे. आमच्या मुलांची घरची बोली कोकणी, शाळेची भाषा मराठी. मराठी पुस्तकातली मुरुडशेंग म्हणजे आपली केवण, आणि खुळखुळा म्हणजे आपली घागरी, हे ज्याने ती हातात धरली त्याला सांगावे लागत नाही. ज्याने धरली नाही, त्याच्यापाशी दोन्ही नावे राहत नाहीत.

भीती आहे ती इथेच. डिचोलीचे डोंगर लोहखनिजासाठी पोखरले गेले. पेडण्यात मोपच्या सड्यावर विमानतळ आला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. रोजगाराची गरज कुणी नाकारू नये, पण सडा गेला की त्यावरचे रानही जाते. माटोळीचे सामान आता बहुतेक घरे बाजारातून आणतात. रानात फिरून ते विकायला आणणाऱ्या बायांचे त्यात पोट आहे, म्हणून बाजाराला नावे ठेवण्यात अर्थ नाही. कला व संस्कृती संचालनालय माटोळी सजावटीची स्पर्धा घेते, हेही चांगलेच. तरी स्पर्धेतली माटोळी पाहणारे मूल आणि घरची माटोळी बांधणारे मूल यांत फरक आहे. नरकासुराचेही तसेच, तयार मुखवटा आणला की पोरांच्या हाती उरते ती फक्त काडी लावणे.

म्हणून वाचकांना एवढेच सुचवतो. येत्या चवथीला बाजारातून सामान आणलेत तरी पाच वस्तू मुलांना स्वतः शोधून आणू द्या. बरोबर घरातले जाणते माणूस असू द्या. प्रत्येक वस्तूचे बोलीतले आणि मराठीतले नाव त्यांच्याच अक्षरांत वहीत उतरवून घ्या, शेजारी चित्र काढू द्या. चित्र वाकडे आले तरी चालेल. वही मात्र जपून ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्याच पाच वस्तू मिळतात का, ते मुलांनाच पाहू द्या.