शनिवारवाड्यातील कलह आणि साष्टीची किंमत

१/ शहाडवरून वाहणारी उल्हास नदी पुढे वसईच्या खाडीने समुद्रास मिळते. या खाडीच्या दक्षिणेस साष्टी बेट, उत्तरेस वसई. ही दोन्ही ज्याच्या हाती, त्याच्या हाती कल्याण बंदराची वाट. पुण्यातील एका भाऊबंदकीपायी मराठ्यांनी साष्टी कशी गमावली, ते पाहू.

२/ पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी साष्टी १७३७ मध्ये, तर वसई १७३९ मध्ये जिंकली. मुंबईकर इंग्रजांना हे दोन्ही प्रदेश हवे होते. त्याच हेतूने त्यांनी १७७२ मध्ये थॉमस मॉस्टिन या वकिलास पुण्यास धाडले. पुण्याचा दरबार एकसंध होता, तोवर त्यांची डाळ शिजत नव्हती.

३/ ३० ऑगस्ट १७७३. भर शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. ‘ध’ चा ‘मा’ करणाऱ्या आनंदीबाईंची कथा लोकमुखी आहे. पण रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशीअंती दोषी ठरविले ते चुलत्याला, म्हणजे रघुनाथरावांना.

४/ नाना फडणीस, सखारामबापू आदी मुत्सद्द्यांनी रघुनाथरावांविरुद्ध जूट केली. हेच बारभाईंचे कारस्थान. नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर सुरक्षित ठेवण्यात आले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुत्र जन्मला आणि अवघ्या चाळीस दिवसांचा सवाई माधवराव पेशवा झाला.

५/ पद गेलेले रघुनाथराव इंग्रजांच्या दारी गेले. वाटाघाटी चालू असतानाच, डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. पुढे मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी सैन्याच्या मदतीच्या बदल्यात साष्टी व वसई देऊ केली. ठाणे तर आधीच गेले होते. तहाने त्यावर केवळ शिक्कामोर्तब केले.

६/ युद्ध पेटले. १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजांना नामुष्कीचा तह करावा लागला. तथापि १७८० मध्ये कल्याण आणि वसई त्यांनी घेतली.

७/ १७८२ च्या सालबाईच्या तहाने दोन्ही ठिकाणे परत मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. बारभाईंनी गादी राखली, रघुनाथरावांना पेशवेपद लाभले नाही. आणि मुंबईच्या उंबरठ्यावरचा प्रदेश तिसऱ्याच्या पदरात पडला.

८/ तो किल्ला आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. घरच्या वादात परक्याला पंच नेमले, की तो निवाड्याआधीच आपले शुल्क वसूल करतो, याची साक्ष त्या तटबंदीत आहे.