माळी गेले, जमीन झाकली
इंग्लंडमधल्या बागांनी जमीन झाकणाऱ्या बहुवर्षायू फुलझाडांचा आसरा घेतला तो केवळ आवड बदलली म्हणून नव्हे. माळी परवडेनासे झाले म्हणून. व्हिक्टोरियन काळात कोळशावर तापवलेल्या काचघरांत जिरॅनियम, लोबेलियाची रोपं वाढवायची, उन्हाळ्यापुरती वाफ्यांत गालिच्यासारखी मांडायची आणि थंडीआधी उपटायची, अशी रीत होती. बागकामावर लिहिणाऱ्या विल्यम रॉबिन्सनने १८७० मध्ये ‘द वाइल्ड गार्डन’ लिहून या उधळपट्टीवर हल्ला चढवला. थंडी सोसणारी झाडं एकदा लावा, मग ती आपली आपण पसरतील, हे त्याचं म्हणणं.

तेव्हा तर मजुरी स्वस्त होती, म्हणजे विचार आधी आला आणि टंचाई नंतर, असा आक्षेप कुणी घेईल. कालक्रम खरा आहे. पण खुद्द रॉबिन्सनच्या ग्रेव्हटाय मॅनर या इस्टेटीत माळ्यांचा ताफा राबत होता. कमी कष्टांची बाग तिथे, गंमत म्हणजे, श्रीमंताची हौस होती. दोन महायुद्धांनी माणसं नेली, तेव्हा ती गरज झाली. जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या बागांचे तेव्हाचे सल्लागार ग्रॅहम स्टुअर्ट थॉमस यांचं जमीन झाकणाऱ्या वनस्पतींवरचं पुस्तक आलं १९७० मध्ये, रॉबिन्सनच्या पुस्तकानंतर बरोबर शंभर वर्षांनी. झाडं जमीन झाकेपर्यंत मात्र पहिली एकदोन वर्षं खुरपं हातात धरावंच लागतं.