चोरखमाऱ्याचं धरण आणि इंजिनिअरची डिग्री

नागझिऱ्याला चोरखमारा गेटने गेलेल्यांनी तिथला तलाव पाहिला असेल. मातीचं धरण, १९२३ सालचं, म्हणजे सरकारी इंजिनिअरांच्या जमान्यातलं. पण या भागात तलाव बांधायला इंग्रजांनी शिकवलं नाही बरं का! कोहळी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून तेच करत होते. नवेगावबांध त्यांचाच.

विचार करा. टेकड्यांमधली नेमकी जागा हेरायची, पावसाळ्याच्या आत मातीची पार उभी करायची, तेवढी माणसं जमवायची, वर तुडुमातून कुणाच्या धानाला आधी पाणी द्यायचं तेही ठरवायचं. हे चक्क कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट आहे. फक्त डिग्री नव्हती.

पुण्यात १८५४ ला इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला (आजचं सीओईपी), तो मुळात बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवीत म्हणून. १८६६ ला मुंबई विद्यापीठाशी जोडणी, मग एलसीई. विश्वेश्वरय्या १८८३ ला इथूनच पास झाले. बी.ई. आलं त्यानंतर. पण मजूर, पैसा आणि वेळ सांभाळणं? ते साइटवर शिव्या खात शिकायचं. खास त्यासाठीची निकमार ही संस्था निघाली १९८३ ला, तीही बांधकाम कंपन्यांच्या पुढाकाराने. तब्बल १२९ वर्षांनी!

असो. कोहळ्यांचे कित्येक तलाव आता गाळाने भरलेत. सरकारी दुरुस्ती निघाली की टेंडर निघतं, त्याला नोंदणीकृत कंत्राटदार लागतो. पणजोबांनी पार बांधली होती, हे लिहायला त्या फॉर्मात रकाना नसतो.