मलंगगडाचा उरूस आणि पौर्णिमा

कल्याणजवळच्या मलंगगडावर हाजी अब्दुर्रहमान मलंगबाबांचा उरूस माघ पौर्णिमेला भरतो. हिजरी पंचांग जाणणाऱ्याला यात एक गोष्ट खटकायला हवी. उरूस सहसा वलीच्या वफातीच्या हिजरी तारखेला असतो. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे, म्हणून ती तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. मलंगबाबांचा उरूस मात्र थंडी सरताना ठरलेलाच, कारण तो अधिक महिना धरणाऱ्या पंचांगाने चालतो. बहराइचला सालार मसूद गाझींची जत्राही परंपरेने अशीच जेठ महिन्यात भरत आली.

कारण साधे असावे. माघात भात झोडून झालेले असते, शेतकऱ्याला सवड असते आणि रात्री गड चढायला चांदणे असते. इस्लामने चंद्राला सजदा नाकारला, पण काळ मोजायला चंद्रच दिला. गडावर येणाऱ्यांनी आपल्या सवडीचा चंद्र निवडला, एवढेच.

श्रद्धा एकमेकींत मिसळणे जगाला नवे नाही. प्राचीन ग्रीसमध्ये सेलीनी म्हणजे खुद्द चंद्र, आर्टेमिस शिकारीची देवी आणि हेकाटी तिठ्यांची. पुढे तिघी जवळ आल्या. रोमन कवींच्या काळापर्यंत एकच देवी आकाशात लूना, पृथ्वीवर डायाना आणि पाताळात हेकाटी झाली. तिथे मिसळण्यातून एक देवी उरली.

मलंगगडावर तसे झाले नाही. मुसलमान इथे यमनहून आलेल्या सूफींची मजार मानतात, तर अनेक हिंदू मच्छिंद्रनाथांची समाधी. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात नोंद आहे की १७८० मध्ये आलेले इंग्रज १७८२ मध्ये परतले, तेव्हा लोकांनी त्याचे श्रेय बाबांना दिले आणि कल्याणचे ब्राह्मण काशीनाथपंत केतकर यांनी मोत्यांची झालर लावलेली जरीची चादर चढवली. १८१७ मध्ये व्यवस्थेवरून वाद झाला, तेव्हा तीन वेळा चिठ्ठ्या टाकल्या आणि तिन्ही वेळा केतकरांच्या प्रतिनिधीचे नाव निघाले. दर्ग्याची वहिवाट ब्राह्मण घराण्याकडे, तीही बाबांच्या मर्जीने, असे लोकांनी मानले.

पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. या स्थानाला निव्वळ हिंदू किंवा निव्वळ मुस्लिम कायदा लागू पडत नाही, त्याची स्वतःची रूढी आहे, असे न्यायालयाने पाहिले.

१९८० च्या दशकात आनंद दिघे यांच्या आंदोलनापासून प्रश्न विचारला जातो तो एवढाच: हे मुळात कुणाचे? दर्गा की समाधी, यातले एकच निवडा असा आग्रह दोन्हीकडून होतो. आपल्यातही काहींना आरती खुपते, तर काहींना केतकरांची वहिवाट. पण इतिहासाने इथे एक नाव पुसून दुसरे लिहिले नाही. दोन्ही नावे शेजारी राहू दिली. कुणाला फातेहा वाचायची, कुणाला नारळ फोडायचा, हे ज्याचे त्याने ठरवले. ती रूढी मोडली, तर जिंकणाऱ्याच्या हाती गड राहील, पण त्या पौर्णिमेला दोन्ही वाटांनी चढून येणारी माणसे राहणार नाहीत.