पुणे विमानतळावर दिसणारं लढाऊ विमान कोणतं? ओळखण्याच्या सोप्या खुणा आणि पाळायचे नियम

महाबळेश्वर : वाई, पाचगणी, महाबळेश्वरकडची मंडळी विमानाने जायचं म्हटलं की बहुतेक वेळा पुण्याचा लोहगाव विमानतळ गाठतात. महाबळेश्वरपासून हे अंतर साधारण १२० किलोमीटर. पहिल्यांदाच जाणाऱ्याला तिथे एक वेगळाच अनुभव येतो. प्रवासी विमान धावपट्टीकडे निघालेलं असतं, मध्येच थांबतं, आणि कानठळ्या बसवणारा आवाज करत करड्या रंगाची विमानं एकामागे एक वर झेपावतात. मग विमानात कुजबुज सुरू होते. कुणी ‘राफेल’ म्हणतं, कुणी ‘मिग’ म्हणतं, कुणी मोबाइल खिडकीला लावतं.

यातली पहिली दोन उत्तरं बहुधा चुकीची असतात आणि तिसरी गोष्ट कायद्याने अडचणीत आणणारी असते. म्हणून ही सविस्तर माहिती.

प्रवासी विमानतळावर लढाऊ विमान कसं?

लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे. १९३९ मध्ये ब्रिटिश काळात तो सुरू झाला. धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण आजही हवाई दलाकडे आहे. प्रवासी टर्मिनल मात्र भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवतं. म्हणजे घर हवाई दलाचं आणि प्रवासी विमानं त्यातल्या एका बाजूला, असा हा प्रकार. एकच धावपट्टी दोघांना वापरावी लागते, त्यामुळे लष्करी उड्डाणं सुरू असली की प्रवासी विमानाला थांबावं लागतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी १६ ते २९ तारखेपर्यंत पुण्याची सगळी प्रवासी विमानसेवा बंद होती, तेही याच कारणाने.

मराठी मुलखात अशी आणखी दोन ठिकाणं आहेत. गोव्यातला दाबोळी विमानतळ नौदलाच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर आहे. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा, विमान कारखाना आणि प्रवासी टर्मिनल यांची धावपट्टी एकच आहे. कराडचं विमानतळ आणि कोल्हापूरचं उजळाईवाडी हे मात्र लढाऊ विमानांचे तळ नाहीत.

लोहगावला दिसतं ते बहुतेक वेळा सुखोईच

पुणे हे सुखोईचं भारतातलं पहिलं घर. जून १९९७ मध्ये सुखोई-३० विमानं हवाई दलात दाखल झाली ती इथेच. सुधारित सुखोई-३० एमकेआय सप्टेंबर २००२ मध्ये आलं, तेही पुण्यातच. पुढे ही विमानं रशियाच्या परवान्याने ओझरच्या कारखान्यात तयार होऊ लागली.

राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ८ जून २००६ रोजी लोहगावहूनच सुखोईतून उड्डाण केलं होतं. २५ नोव्हेंबर २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनीही इथूनच सुखोईतून भरारी घेतली, तेव्हा त्यांचं वय ७४ होतं.

सुखोई ओळखण्याच्या सहा खुणा

दुर्बीण लागत नाही, साध्या डोळ्यांनी पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

१. दोन शेपट्या : मागे वर उभे असलेले दोन उंच पंखे दिसतात. प्रवासी विमानाला असा एकच असतो.

२. दोन इंजिनं : मागच्या बाजूला दोन मोठी गोल तोंडं. त्या दोन्हींच्या मधून एक लांब टोक मागे निघालेलं असतं.

३. पुढचे छोटे पंख : मुख्य पंखांच्या पुढे, कॉकपिटच्या मागे दोन्ही अंगाला छोटे पंख असतात. याला ‘कॅनार्ड’ म्हणतात. ही सगळ्यात पक्की खूण.

४. दोन जणांची जागा : काचेच्या लांबट घुमटाखाली एकामागे एक दोन वैमानिक बसतात.

५. आकार : लांबी जवळपास २२ मीटर, म्हणजे दोन एसटी बस एकामागे एक लावल्यावर होईल तेवढी. पंखांचा पसारा पावणेपंधरा मीटरच्या आसपास. लढाऊ विमानांत हे चांगलंच दांडगं आहे.

६. झुकलेलं नाक : नाकाचा भाग किंचित खाली वाकलेला आणि मान पुढे काढल्यासारखी दिसते. त्यामुळे जमिनीवर उभं असताना ते बगळ्यासारखं वाटतं.

अंगावर केशरी, पांढरा, हिरवा असा गोल आणि शेपटीवर तिरंगी पट्टी असली की विमान भारतीय हवाई दलाचं.

मग राफेल, मिग, तेजस कसं ओळखायचं?

गोंधळ होतो तो इथेच. सोपा मार्ग असा, की आधी शेपट्या मोजाव्यात, मग इंजिनं, मग पंखांचा आकार बघावा.

राफेल : शेपटी एक, इंजिनं दोन, पंख त्रिकोणी, पुढे कॅनार्ड. लांबी सव्वापंधरा मीटर. म्हणजे कॅनार्ड सुखोईलाही आहेत आणि राफेललाही, पण शेपटी मोजली की प्रश्न मिटतो.

मिग-२९ : सुखोईसारख्याच दोन शेपट्या आणि दोन इंजिनं, पण पुढे कॅनार्ड नाहीत आणि आकाराने लहान. दाबोळीला दिसतं ते याचंच नौदलासाठी केलेलं रूप, मिग-२९ के.

मिराज-२००० : शेपटी एक, इंजिन एक, पंख त्रिकोणी. मागे आडवे छोटे पंख नसतात.

तेजस : हेही एक शेपटी, एक इंजिन आणि त्रिकोणी पंखांचंच, पण अंगाने छोटं. लांबी १३ मीटरच्या थोडी वर. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केलं. त्यामुळे नाशिकच्या आकाशात हे विमान दिसणार.

जग्वार : पंख पाठीला लावल्यासारखे उंचावर, शेपटी एक, इंजिनं दोन, शरीर सडपातळ.

मिग-२१ : आता आकाशात शोधू नये. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप देण्यात आला.

डोंगरावरून बघताना आवाजाच्या पुढे बघा

महाबळेश्वर, कोयनेचं खोरं, जावळी या भागात आवाज डोंगराला आपटून घुमतो. विमान नेमकं कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही. इथे एक हिशेब कामी येतो. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. विमान पाच किलोमीटर वरून गेलं, तर त्याचा आवाज खाली पोहोचायला सुमारे पंधरा सेकंद जातात. तेवढ्या वेळात ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारं विमान पावणेचार किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून आवाज येतो तिकडे न बघता, विमान ज्या दिशेने चाललंय तिकडे बरंच पुढे नजर टाकावी.

फार उंचावर पांढरी रेघ ओढत संथ जाणारं विमान मात्र बहुतेक वेळा प्रवासीच असतं.

‘विमानाला आग लागली’ असं वाटतं तेव्हा

लढाऊ विमानांच्या काही नेहमीच्या गोष्टी नवख्याला अपघातासारख्या वाटतात.

इंजिनामागे ज्वाळा : उड्डाणाच्या वेळी जादा जोर मिळावा म्हणून इंजिनाच्या मागच्या भागात आणखी इंधन जाळतात. याला ‘आफ्टरबर्नर’ म्हणतात. तिन्हीसांजेला या ज्वाळा स्पष्ट दिसतात. ती आग नव्हे.

उतरताना पॅराशूट : सुखोई धावपट्टीवर टेकल्यावर वेग कमी करायला मागून पॅराशूट सोडतं. वैमानिकाने उडी मारलेली नसते.

एकदम गिरकी : विमान धावपट्टीच्या वरून सरळ जातं आणि अचानक कलंडून वळतं. लढाऊ विमानांची उतरण्याची ही रीतच आहे.

मोठा धमाका : विमान आवाजापेक्षा जास्त वेगाने गेलं की जमिनीवर स्फोटासारखा आवाज येतो, खिडक्यांच्या काचा थरथरतात. विमान पडलं असा त्याचा अर्थ होत नाही.

हे माहीत नसलं की गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘विमान कोसळलं’ असा निरोप फिरायला वेळ लागत नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत जुने व्हिडिओ, इतकंच काय, व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून फिरत होती. पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाला त्याचे खुलासे करावे लागले. ज्या घरातला मुलगा सैन्यात आहे त्या घराची असल्या एका खोट्या निरोपाने काय अवस्था होते, हे सातारा जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. व्हिडिओतलं विमान कोणतं आहे एवढं ओळखता आलं, तरी निम्म्या अफवा तिथेच थांबतात.

बघायला हरकत नाही, फोटो मात्र नको

खिडकीतून विमान बघणं हा गुन्हा नाही. फोटो आणि व्हिडिओचं तसं नाही. प्रवाशांना विमानात फोटो काढायची सर्वसाधारण मुभा आहे, पण संरक्षण दलाच्या विमानतळावर ती लागू होत नाही. टेक-ऑफ, लँडिंग आणि विमान जमिनीवर असताना तिथे फोटो काढता येत नाहीत. हवाई दलाचा तळ शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ नुसार प्रतिबंधित जागेत मोडतो. कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरून किंवा जवळच्या गच्चीवरून तळाचं चित्रण करणंही अंगाशी येऊ शकतं.

मे २०२५ मध्ये डीजीसीएने एक पाऊल पुढे टाकलं. संरक्षण दलांच्या विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या, विमान चढता-उतरताना दहा हजार फुटांपर्यंत खिडक्यांचे पडदे बंद ठेवायला सांगितलं. अशा सूचना परिस्थितीप्रमाणे बदलतात. त्यामुळे त्या दिवशी विमानातले कर्मचारी जे सांगतील ते ऐकावं, वाद घालू नये.

यामागचं कारण साधं आहे. एका फोटोत प्रवाशाला फक्त विमान दिसतं. जाणकाराला त्यातून किती विमानं उभी आहेत, कुठे उभी आहेत, त्यांच्यावर काय लावलंय आणि ती किती वाजता निघाली हे सगळं कळतं. विमानावरचा क्रमांक, वेळ, संख्या या गोष्टी लिहूनही कुठे टाकू नयेत.

शिवारात विमान किंवा त्याचा भाग पडला तर

हे दूरचं वाटतं, पण घडलेलं आहे. १३ डिसेंबर २०११ रोजी पुण्याजवळ वाडे बोल्हाई परिसरात, १४ ऑक्टोबर २०१४ रोजी थेऊरजवळ आणि ४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यातल्या शिरसगावला सुखोई विमानं कोसळली. तिन्ही वेळा दोन्ही वैमानिक बाहेर पडले आणि वाचले. तिन्ही ठिकाणी सगळ्यात आधी पोहोचणारे होते ते गावकरी आणि शेतकरीच.

अशा वेळी ११२ वर फोन करून गावाचं नाव आणि जवळची ठळक खूण सांगावी. अवशेषांपासून लांब राहावं, लहान मुलांना हटवावं. वैमानिकाची खुर्ची रिकामी पडलेली दिसली तरी तिला हात लावू नये, कारण ती बाहेर फेकण्यासाठी तिच्यात स्फोटक काडतुसं आणि रॉकेट बसवलेलं असतं आणि त्यातलं काही न फुटलेलं राहू शकतं. कुठलाही तुकडा आठवण म्हणून घरी नेऊ नये, चौकशीत तोच महत्त्वाचा ठरू शकतो. वैमानिक सापडला तर त्याला धीर द्यावा, पण ओढून उभं करू नये. खुर्चीच्या झटक्याने पाठीच्या कण्याला इजा झालेली असू शकते.

खिडकीतून कॉकपिटपर्यंत

विमान ओळखण्याचा नाद लागलेल्या मुलांसाठी वाट जवळच आहे. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली ती साताऱ्यातच. हवाई दलाचे माजी प्रमुख एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक याच शाळेचे माजी विद्यार्थी. बारावीला फिजिक्स आणि गणित घेऊन एनडीएमार्गे किंवा पदवीनंतर एएफकॅट परीक्षा देऊन हवाई दलात जाता येतं.

तोपर्यंत पुण्याहून विमान पकडताना धावपट्टीवर करडं विमान दिसलं, तर मोबाइल खिशातच ठेवावा आणि शेपट्या मोजाव्यात. दोन शेपट्या आणि पुढे छोटे पंख दिसले, की शेजारच्याला बिनधास्त सांगावं, सुखोई आहे.