पेवापासून फ्रीजरपर्यंत : सातारा-सांगलीच्या घरांनी अन्न कसं टिकवलं?

"डॉक्टर, रविवारी करून फ्रीजरमध्ये ठेवलेलं अन्न आठवडाभर खाल्लं तर चालतं का? सासूबाई म्हणतात, ते शिळंच." नोकरी करणाऱ्या स्त्रिया, आणि हल्ली पुरुषही, हा प्रश्न वारंवार विचारतात. एका वाक्यात उत्तर द्यायचं तर : नीट ठेवलं तर चालतं. पण 'नीट' म्हणजे काय, हे समजायला आपल्या भागातल्या घरांनी अन्न कसं टिकवलं त्याचा इतिहास उपयोगी पडतो.

पाणी काढा, हवा काढा

अन्न नासवणाऱ्या जंतूंना पाणी आणि ऊब लागते, बुरशीला आणि किड्यांना हवाही लागते. यातली एखादी गोष्ट काढून घेतली की अन्न टिकतं. हे शास्त्र पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे वापरात होतं.

सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथली हळदीची पेवं प्रसिद्ध होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत हळद भरून वरून बंद. आतला प्राणवायू संपला की कीड जगत नाही. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये, हा जुना दंडक. कोंडलेल्या हवेत माणूसही गुदमरतो. २००५ च्या महापुरात हरिपूरची बरीच पेवं निकामी झाली. 'रोगांचं पेव फुटलं' असं आपण अजून म्हणतो, पण खरं पेव नव्या पिढीने पाहिलेलं नाही.

पेव व्यापाऱ्याचं आणि मोठ्या शेतकऱ्याचं, तर वाळवण प्रत्येक घराचं. चैत्र-वैशाखात सांडगे, कुरडया, पापड, सांडगी मिरची. मेतकूट आणि भाजणी भाजून दळून डब्यात. साताऱ्याचा कंदी पेढाही याच तत्त्वावर टिकतो : खवा लालसर होईपर्यंत भाजला की त्यातलं पाणी कमी होतं. तासगाव भागातला बेदाणा म्हणजे पाणी काढलेलं द्राक्षच.

आणि सगळ्यात महत्त्वाचा कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात एकदा मिरच्या, खोबरं, कांदा, लसूण वाळवून-भाजून कुटला की वर्षभर चमचाभर मसाल्यावर आमटी होते. घाईच्या दिवसासाठी निम्मा स्वयंपाक आधी करून ठेवण्याची ही आपली जुनी पद्धत. तेव्हा रविवारी वाटण करून ठेवणारी आजची सून काही परंपरा मोडत नाही. तिच्या आजेसासूनेही तेच केलं, फक्त उन्हाच्या जोरावर आणि चार शेजारणींच्या मदतीने.

या टिकाऊपणाची किंमत

जुनं ते सगळं आरोग्यदायी, असं मात्र नाही. लोणचं मिठामुळे टिकतं, मुरांबा साखरेमुळे, पापड मीठ आणि पापडखारामुळे. पापडखारातही सोडियम असतंच. शेतात दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाला ते खपून जायचं. आज खुर्चीवर बसून काम करणाऱ्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाचं तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. ताटात लोणचं आणि पापड दोन्ही असले की ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

थंडीने टिकवलेल्या अन्नाला जास्तीचं मीठ, साखर, तेल लागत नाही. डॉक्टर म्हणून मला फ्रीजरचा हाच मोठा फायदा वाटतो.

थंडी घरात कशी आली?

१८३० च्या दशकात मुंबईत बर्फ यायचा तो अमेरिकेहून, जहाजात भुशात गुंडाळून. १८७० च्या दशकात जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी थंडी निर्माण करणारी चांगली यंत्रं बनवली. फ्रीजरमधल्या अन्नाचा जनक मात्र क्लॅरेन्स बर्ड्‌सआय. १९१२ ते १९१५ च्या सुमारास कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये त्याने पाहिलं, की कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठलेला मासा महिन्यांनंतरही ताज्यासारखा लागतो. कारण असं : अन्न हळूहळू गोठलं तर बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पेशी फाडतात, पटकन गोठलं तर स्फटिक बारीक राहतात. १९३० मध्ये अमेरिकेत त्याच्या पद्धतीने गोठवलेले पदार्थ दुकानात विकायला आले. आपण डबा गच्च भरून फ्रीजरमध्ये ठेवतो आणि नंतर भाजी पाणचट झाली म्हणतो, त्याचं उत्तर यातच आहे. दोन बोटं जाडीचं पसरट पाकीट लवकर गोठतं.

आपल्याकडे १९३९ मध्ये भिलवडीत भास्कर गणेश चितळे यांनी दुधाचा व्यवसाय सुरू केला. दूध तासांत नासतं, त्यामुळे थंडीची खरी गरज आधी दुग्धव्यवसायाला होती. भारतीय बनावटीचा फ्रीज १९५८ मध्ये गोदरेजने आणला. सातारा जिल्ह्यातल्या कोयना प्रकल्पातून १९६२ मध्ये वीज निर्माण होऊ लागली, पण गावोगावी ती पोहोचायला बरीच वर्षं गेली. पोहोचल्यावरही भारनियमन होतंच. त्यामुळे फ्रीज म्हणजे थंड पाणी, दूध आणि बर्फाचा ट्रे, एवढीच अनेक घरांची समजूत राहिली.

लसीने शिकवलेला धडा

गावात खरा डीप फ्रीजर घरांच्या आधी आला तो प्राथमिक आरोग्य केंद्रात, लसींसाठी. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि 'शीतसाखळी' हा शब्द आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तोंडी बसला. कारखान्यापासून बाळाच्या तोंडापर्यंत थंडी कुठेही तुटता कामा नये. पोलिओ लसीच्या बाटलीवर एक छोटा चौकोन असतो. लसीला जास्त उष्णता लागली की त्याचा रंग बदलतो आणि ती बाटली बाद करतात.

आपल्या आमटीच्या डब्यावर असा चौकोन नसतो. अन्न मध्येच वितळून पुन्हा गोठलं तरी वरून काही कळत नाही. आणि फ्रीजर जंतूंना मारत नाही, फक्त झोपवतो. उबेत आले की ते पुन्हा वाढतात. वाळवणात आणि फ्रीजरमध्ये हा मूलभूत फरक आहे. वाळलेला सांडगा वीज गेली तरी सांडगाच राहतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि अनेक भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी लक्षात ठेवा : दार बंद ठेवलं तर गच्च भरलेला मोठा फ्रीजर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. खालचा फ्रीजचा भाग जेमतेम ४ तास. एकदरवाजी फ्रीजमधला बर्फाचा छोटा कप्पा याहून लवकर वितळतो. एक सोपी युक्ती करा. वाटीभर पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं, तर मधल्या काळात सगळं वितळलं होतं असं समजा.

मग काय करायचं?

• शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत थंड करून आत ठेवा. पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवा किंवा अन्न पसरट ताटात काढा. भाताबाबत हे फार महत्त्वाचं. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जंतू असं विष तयार करू शकतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही.

• फ्रीजरचं तापमान उणे १८ अंश असावं. बर्फाच्या कप्प्यात बहुधा एवढी थंडी नसते. त्यात ठेवलेलं आठवडाभरातच संपवा. चांगल्या फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने ठीक. पाकिटावर तारीख लिहा.

• पुरण, वाटण, शिजवलेली मटकी, वरण, मटारदाणे छान राहतात. बटाटा भुसभुशीत होतो, दही आणि ताक फाटतं, काकडी पाणचट होते.

• कोरेगावचा वाघ्या घेवडा रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळा आणि मऊ शिजवा. मगच गोठवा. कच्च्या घेवड्यातला विषारी घटक गोठवल्याने जात नाही, त्याने उलट्या-जुलाब होतात.

• एका जेवणापुरती पाकिटं करा. मधुमेही व्यक्तीला मापात जेवायलाही याची मदत होते. आदल्या रात्री पाकीट खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नको. खाताना सणसणीत वाफ येईपर्यंत गरम करा, तेही एकदाच. उरलेलं परत गोठवू नका.

• तान्ह्या बाळाला शक्यतो ताजं द्या. गरोदर स्त्रिया, वयस्कर आणि केमोथेरपी चालू असलेले रुग्ण यांच्याबाबत शंका आली तर अन्न टाकून द्या.

आता सासूबाईंच्या 'शिळं' या शब्दाबद्दल. फ्रीज नसलेल्या घरात उन्हाळ्यातली कालची आमटी खरोखर धोक्याची होती, त्यामुळे त्यांचा नियम त्या काळात अगदी बरोबर होता. आज अन्नाला धोका आहे की नाही, हे ते कधी शिजवलं यापेक्षा ते किती वेळ उबेत राहिलं यावर ठरतं. हे त्यांना समजावून सांगा. आणि रविवारच्या कामात घरातल्या सगळ्यांना घ्या. वाळवण कधी एकटीचं काम नव्हतं, हेही एकटीचं नसावं.